कोकमाच्या झाडांतला वंशभेद आयएसएसआर मार्करने कसा तपासायचा

एका वाडीतली दहा रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडे नीट पाहिली तर दहाही वेगळी दिसतात. एकाचे फळ लिंबाएवढे, दुसऱ्याचे सुपारीहून थोडे मोठे. एकाची साल जाड आणि गर्द लाल, तर दुसऱ्याची पातळ, आमसूल केले की कागदासारखी होणारी. काही झाडे एप्रिलमध्ये तयार होतात, काहींवर पाऊस तोंडावर आला तरी हिरवी फळे लटकत असतात आणि ती वाळवायला ऊनच उरत नाही. यातला किती फरक मातीपाण्याचा आणि किती वंशाचा, हे नुसते पाहून ठरत नाही. त्यासाठी डीएनए बघावा लागतो. मार्कर म्हणजे झाडाझाडांतला फरक दाखवणारी डीएनएवरची खूण, आणि आयएसएसआर हा त्यातला एक स्वस्त प्रकार.

हे मार्गदर्शन साध्या सोयींच्या प्रयोगशाळेसाठी आहे. एक पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणारे), सेंट्रिफ्यूज, जेलची पेटी (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी) आणि फोटो घेण्याची सोय एवढे हवे. उदाहरण कोकमाचे, म्हणजे गार्सिनिया इंडिकाचे घेतले आहे, कारण चिकाचे आणि आंबट पानांचे हे झाड डीएनए काढणाऱ्याची खरी परीक्षा घेते. इथे जमले की फणस, आंबा, काजू यांत फारसे अडत नाही.

पुनरावृत्ती कशी उपयोगी पडते

वनस्पतीच्या डीएनएमध्ये एक ते सहा अक्षरांचे छोटे तुकडे लागोपाठ अनेकदा येतात. उदाहरणार्थ एजी-एजी-एजी असे आठ, बारा, वीस वेळा. पेशी डीएनएची नक्कल करताना अशा जागी घसरते आणि एखादा तुकडा वाढतो किंवा गळतो. त्यामुळे या जागा बाकीच्या डीएनएपेक्षा लवकर बदलतात.

याचा फायदा दोन तऱ्हांनी घेता येतो. एसएसआर पद्धतीत पुनरावृत्तीच्या दोन्ही बाजूंचा क्रम माहीत असतो. तिथे प्रायमरची, म्हणजे नक्कल कुठून सुरू व्हावी ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, जोडी लावून मधल्या पट्ट्याची लांबी मोजतात. आयएसएसआर पद्धतीत प्रायमर हाच पुनरावृत्तीचा तुकडा असतो. उलटसुलट तोंडे करून जवळजवळ बसलेल्या दोन पुनरावृत्तींच्या मधला भाग त्याने वाढतो आणि एकाच पीसीआरमध्ये आठ-दहा बँड, म्हणजे जेलवर दिसणारे वेगवेगळ्या लांबीचे पट्टे, मिळतात. ही पद्धत १९९४ साली प्रसिद्ध झाली. झाडाच्या डीएनएचा क्रम आधी माहीत असण्याची तिला गरज नाही, हे तिचे मोठे बळ आहे.

भातात २००२ सालीच २,२४० नवे एसएसआर मार्कर तपासून प्रसिद्ध झाले. भातावर काम करायचे असेल तर आयएसएसआरच्या वाटेला जाऊ नका, आरएम या नावाने क्रमांक दिलेले एसएसआर घ्या. कोकमासारख्या मागे पडलेल्या झाडात पहिली चाचपणी मात्र आयएसएसआरने करणे शहाणपणाचे आहे. खर्च कमी, काम झटपट. मर्यादा एकच, पण मोठी: बँड आहे किंवा नाही एवढेच कळते. दोन्ही आईबापांकडून तो आला की एकाकडून, हे कळत नाही. या मर्यादेचे भान शेवटच्या आकडेमोडीपर्यंत ठेवावे लागते.

झाडे निवडणे

समजा ४८ झाडे घ्यायची आहेत. गुहागर, राजापूर, मालवण, सावंतवाडी, पेडणे आणि काणकोण अशा सहा तालुक्यांतून प्रत्येकी आठ. एकाच बागेतून आठ झाडे घेतली तर ती बहुधा एकाच आईची पिल्ले निघतात आणि मग तालुक्यातालुक्यांत मोठा फरक असल्याचा आभास तयार होतो. म्हणून प्रत्येक झाड वेगळ्या वाडीतले, वेगळ्या मालकाचे घ्या.

कलमी झाडे वेगळी नोंदवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ या वाणांची कलमे बागांत लावलेली असतात, आणि कलम म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब प्रत. पाच कलमे पाच नमुने म्हणून मोजली तर सगळे गणित बिघडते. उलट, या वाणांचे एकेक खात्रीचे झाड संदर्भ म्हणून जरूर घ्या.

कोकमाचे झाड बहुधा नर किंवा मादी असते. रोपाचे लिंग कळायला फुलोऱ्यापर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते. नोंदवहीत प्रत्येक झाडाचे लिंग, अंदाजे वय, बियांचे की कलमी, जीपीएस, फळाचे सरासरी वजन आणि सालीची जाडी लिहा. यासाठी दोन फेऱ्या पडतात: एक नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या फुलोऱ्यात, दुसरी एप्रिल-मे महिन्यात फळांसाठी. खोडाला अॅल्युमिनियमची क्रमांकपट्टी लावा. कागदी चिठ्ठी पहिल्या पावसात जाते. पाने घेण्याआधी मालकाला विचारा, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. देवराईतल्या किंवा वनखात्याच्या हद्दीतल्या झाडासाठी लेखी परवानगी घ्या.

पाने: कोवळी, कोरडी, लवकर

तांबूस रंगाची, पूर्ण न उघडलेली पालवी घ्या. पान जून होत गेले की त्यात चीक, फिनॉल आणि बुळबुळीत शर्करा वाढतात, डीएनए मात्र तेवढाच राहतो. मधली शीर काढून पात्याच्या अर्धा सेंटिमीटरच्या पट्ट्या करा आणि सिलिका जेलमध्ये पुरा. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका हवी: २ ग्रॅम पानाला २० ग्रॅम.

कोकणच्या दमट हवेत सिलिका झपाट्याने ओल शोषते. रंग बदलणारे दाणे थोडे मिसळून ठेवा आणि २४ तासांनी रंग काहीही दिसो, सिलिका एकदा बदला. दुसऱ्या दिवशी पान चुरचुरीत मोडले तर वाळले. वाकले तर अजून ओल आहे, आणि ओल असेपर्यंत पानातली विकरे डीएनए कुरतडत राहतात. तपकिरी पडलेले पान टाकून द्या. त्यावर दोन दिवस खर्च करण्यापेक्षा झाडाकडे पुन्हा जाणे स्वस्त पडते.

डीएनए काढणे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नेहमीच्या सीटॅब पद्धतीने (सीटॅब हे पेशी फोडणारे साबणासारखे द्रव्य) कोकमाचा डीएनए काढला की ट्यूबच्या तळाशी पारदर्शक जेलीसारखा गोळा बसतो. तो पाण्यात विरघळत नाही, पिपेटच्या टोकाला तार धरतो आणि जेलवर नेला की खळग्यातच अडकून बसतो. ती शर्करा असते. गोळा तपकिरी असेल तर फिनॉलचे ऑक्सिडेशन झाले आहे. दोन्ही गोष्टी पीसीआर बंद पाडतात. म्हणून आधी सॉर्बिटॉलने पान धुवून घ्यायचे आणि मगच पेशी फोडायच्या.

धुण्याचे द्रावण, १०० मिलिलिटर: सॉर्बिटॉल ६.४ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए १ मिलिलिटर, पीव्हीपी-४० १ ग्रॅम, उरलेले पाणी. वापरण्याच्या वेळी दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला.

सीटॅब द्रावण, १०० मिलिलिटर: सीटॅब ३ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ११.७ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ५ मिलिलिटर, पीव्हीपी-४० २ ग्रॅम. मीठ आणि सीटॅब एकदम टाकले तर गुठळ्या होतात. मीठ आधी विरघळवा, मग ६० अंशांवर ढवळत सीटॅब थोडे थोडे घाला. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल आयत्या वेळी, दर मिलिलिटरला २० मायक्रोलिटर. याला उग्र वास येतो आणि ते विषारी आहे; फ्यूम हूडमध्येच हाताळा.

वाळलेले पान ३० मिलिग्रॅम किंवा ताजे १०० मिलिग्रॅम घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखे कुटा. पूड २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये भरून तिच्यावर १ मिलिलिटर धुण्याचे द्रावण घाला, जोरात हलवा, ५,००० जी (गुरुत्वाच्या पाच हजारपट) वर ५ मिनिटे फिरवा आणि वरचे द्रावण फेकून द्या. पहिल्या वेळी ते अळशीच्या पाण्यासारखे ताणले जाते. ताण जाईपर्यंत धुवा. कोवळ्या पानाला दोनदा पुरते, जून पानाला तीन-चारदा लागते. या पायरीत पेशींची केंद्रके शाबूत राहतात, त्यामुळे डीएनए वाया जात नाही.

मग ६५ अंशांवर गरम केलेले सीटॅब द्रावण ७०० मायक्रोलिटर घाला आणि त्याच तापमानाला ४५ ते ६० मिनिटे ठेवा, दर दहा मिनिटांनी ट्यूब हळू उलटीसुलटी करत. ट्यूब खोलीच्या तापमानाला आल्यावर तेवढेच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घाला, १० मिनिटे हलक्या हाताने मिसळा, १२,००० जी वर १० मिनिटे फिरवा. वरचा थर नव्या ट्यूबमध्ये घ्या. मधल्या पांढऱ्या पडद्याला पिपेट लागू देऊ नका. शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून दिलेले बरे. आरएनएज (१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) ४ मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग क्लोरोफॉर्मची दुसरी फेरी करा.

आता ४०० मायक्रोलिटर वरचा थर, २०० मायक्रोलिटर ५ मोलर सोडियम क्लोराइड आणि १,२०० मायक्रोलिटर गार इथेनॉल. मीठ जास्त असले की शर्करा इथेनॉलमध्ये विरघळलेली राहते आणि डीएनए एकटा खाली बसतो. मीठ अर्ध्यावर आणले तर पुन्हा जेली. उणे २० अंशांवर फक्त २० ते ३० मिनिटे ठेवा. रात्रभर ठेवले तर जास्त डीएनए मिळेल असे वाटते, प्रत्यक्षात जास्त शर्करा मिळते. १० मिनिटे फिरवून गोळा ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. इथेनॉल पूर्ण उडू द्या, पण गोळा कडक वाळवू नका. मग ५० मायक्रोलिटर टीई द्रावणात विरघळवा. त्यात ईडीटीए ०.१ मिलिमोलरच ठेवा, कारण जास्त झाले तर ते पीसीआरमधले मॅग्नेशियम पकडते.

तपासणी दोन ठिकाणी करा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चे गुणोत्तर १.८ ते २.० आणि २६०/२३० चे २ च्या आसपास हवे. दुसरा आकडा १.५ च्या खाली असेल तर शर्करा किंवा फिनॉल उरले आहे. या यंत्रावर उरलेला आरएनएही डीएनए म्हणून मोजला जातो, म्हणून ०.८ टक्के अॅगॅरोज जेलवर माहीत मात्रेच्या लॅम्डा डीएनएशेजारी नमुना लावून पाहाच. वर एकच घट्ट पट्टा हवा. खळग्यातून नमुना तरंगून वर येत असेल तर इथेनॉल उरले आहे. ट्यूब उघडी ठेवून ५५ अंशांवर दहा मिनिटे गरम करा.

सगळे नमुने मोजून १५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणा. आयएसएसआरमध्ये डीएनएची मात्रा बदलली की पुसट बँड येतात-जातात, आणि पुढे तेच ‘वंशभेद’ म्हणून मोजले जातात. ही पायरी कंटाळवाणी आहे. ती गाळलेली असली की तक्त्यातले फरक खरे की मात्रेचे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

प्रायमर

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा ८०१ ते ९०० क्रमांकांचा यूबीसी संच जगभर वापरला जातो. त्यातले २५-३० घेऊन एकमेकांपासून दूरच्या सहा झाडांवर चाळणी लावा आणि स्वच्छ, ठळक बँड देणारे १० ते १२ ठेवा. सुरुवातीला हे पाहा: ८०८ (एजी आठ वेळा, शेवटी सी), ८११ (जीए आठ वेळा, शेवटी सी), ८२६ (एसी आठ वेळा, शेवटी सी), ८३५ (एजी आठ वेळा, मग सी किंवा टी, शेवटी सी), ८७३ (जीएसीए चार वेळा), ८८० (जीजीएजीए तीन वेळा).

शेवटचे एक-दोन जादा अक्षर हे प्रायमरचे नांगर असते. दोन अक्षरी पुनरावृत्तीच्या प्रायमरला ते नसेल तर तो पुनरावृत्तीवर कुठेही बसतो, प्रत्येक फेरीत थोडा सरकतो आणि बँडऐवजी धूसर पट्टा दिसतो. एटी पुनरावृत्ती वनस्पतींत भरपूर असल्या तरी एटीचा प्रायमर घेऊ नका. तो स्वतःलाच चिकटतो.

प्रायमर डीएनएला चिकटण्याच्या तापमानाचा पहिला अंदाज: जी आणि सी प्रत्येकी ४ अंश, ए आणि टी प्रत्येकी २ अंश. ८०८ मध्ये जी-सी मिळून नऊ आणि ए आठ, म्हणजे ३६ अधिक १६, एकूण ५२ अंश. ८७३ चे ४८ येतात. प्रत्यक्षात या आकड्याच्या वरखाली ४ अंश ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमाने) लावा आणि ज्या तापमानाला बँड ठळक राहून मागचा धूर जातो ते पक्के करा. बँड जास्त दिसतात म्हणून कमी तापमान निवडू नका. ते जादा बँड पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसतीलच याची खात्री नसते.

पीसीआर आणि जेल

एका ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटर: पाणी ११.६, मॅग्नेशियम नसलेला दहापट बफर २, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.६, प्रत्येकी २.५ मिलिमोलरचे डीएनटीपी मिश्रण १.६, १० मायक्रोमोलर प्रायमर १, टॅक पॉलिमरेज ०.२ (म्हणजे १ युनिट), डीएनए २. बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच असेल तर तेवढे कमी करून पाणी वाढवा; दुप्पट मॅग्नेशियम झाले की जेलवर नुसता गोंधळ दिसतो.

४८ झाडांसोबत सहा झाडांचे दुसरे नमुने लावायचेच. दुसरा नमुना म्हणजे त्याच झाडाच्या दुसऱ्या पानातून नव्याने काढलेला डीएनए, त्याच ट्यूबमधला नव्हे. अधिक एक ट्यूब डीएनएशिवाय पाण्याची. एकूण ५५, म्हणून मिश्रण ६० चे करा: पाणी ६९६, बफर १२०, मॅग्नेशियम ९६, डीएनटीपी ९६, प्रायमर ६०, टॅक १२. प्रत्येकी १८ वाटून वर २ मायक्रोलिटर डीएनए. एका प्रायमरची सगळी झाडे एकाच मिश्रणातून, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी.

९४ अंश ५ मिनिटे; मग ९४ अंश ४५ सेकंद, ठरवलेले तापमान ४५ सेकंद, ७२ अंश २ मिनिटे अशा ३५ फेऱ्या; शेवटी ७२ अंश ७ मिनिटे.

जेल २ टक्के अॅगॅरोजचे, एकपट टीबीईमध्ये. इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट, साधारण साडेतीन तास. घाईने व्होल्टेज वाढवले तर जेल तापते, बँड हसऱ्या तोंडासारखे वाकतात आणि कडेच्या झाडाचा बँड मधल्या झाडाच्या बँडशी जुळवता येत नाही. १०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचे एक अक्षर) लॅडर, म्हणजे माहीत लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, दोन्ही कडांना आणि मध्येही लावा. एका जेलवर सगळे मावत नसेल तर एक संदर्भ झाड प्रत्येक जेलवर असू द्या. इथिडियम ब्रोमाइड जनुकांत बदल घडवणारे आहे. हातमोजे घाला, त्याचे जेल साध्या कचऱ्यात टाकू नका.

बिघाड बहुधा यातलेच असतात. कुठल्याच झाडात बँड नसेल तर मिश्रणातले काही विसरले आहे. काही झाडांतच नसेल तर त्यांचा डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर बँड आले तर आत अडथळा करणारे द्रव्य होते, डीएनए कमी नव्हता. अशा नमुन्यांना मिश्रणात ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर बीएसए दिल्यानेही सुधारणा होते, पण मग ते सगळ्याच नमुन्यांना द्या. सगळीकडे धूर असेल तर डीएनए जास्त, मॅग्नेशियम जास्त किंवा तापमान कमी. पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड दिसला तर त्या प्रायमरचे पूर्ण जेल रद्द करा. तो बँड तेवढा वगळून बाकीचे मोजायची तडजोड करू नका.

बँड मोजणे

२०० ते २,००० बेसमधलेच बँड घ्या. त्याखालच्यांत प्रायमर एकमेकांना चिकटून झालेले तुकडे मिसळतात, त्यावरचे पसरतात. बँड असेल तर १, नसेल तर ०, आणि पीसीआरच झाले नसेल तर रिकामी खूण. पीसीआर न झालेल्या झाडाला शून्ये दिली तर ते आलेखात सगळ्यांपासून लांब जाऊन बसते आणि दुर्मीळ वाण सापडल्याचा भास होतो.

मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी, आणि कुठला रकाना कुठल्या गावचा हे त्यांना माहीत नसावे. मतभेद झालेला बँड काढून टाका.

आता सहा जोडनमुन्यांकडे वळा. समजा एकूण ९६ बँड मोजले. सहा जोड्यांत मिळून ५७६ तुलना होतात. त्यांत १४ ठिकाणी एकात बँड आणि दुसऱ्यात नाही असे निघाले, तर चूक २.४ टक्के. पाच टक्क्यांच्या वर गेली तर सर्वाधिक चुका देणारे प्रायमर वगळा आणि पुन्हा मोजा. हा आकडा नुसता छापायचा नसतो. २.४ टक्के म्हणजे एकाच झाडाच्या दोन नमुन्यांत सरासरी दोन-तीन बँडचा फरक. म्हणून दोन झाडे दोन-तीन बँडनी वेगळी निघाली, तर ती वेगळी आहेत असे म्हणता येत नाही. तिथे मालकाला विचारा: हे कलम कुठून आणले होते?

आकडेमोड

प्रत्येक बँडची वारंवारता काढा. ४० झाडांपैकी १० मध्ये बँड असेल तर ती ०.२५. माहितीमूल्य, म्हणजे झाडे वेगळी ओळखायला तो बँड किती उपयोगी, हे २ गुणिले ०.२५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.३७५. आयएसएसआरमध्ये हे मूल्य ०.५ च्या वर जाऊच शकत नाही, कारण शक्यता दोनच आहेत. तक्त्यात ०.८ दिसले तर एसएसआरचे सूत्र सगळ्या बँडना एकत्र लावले आहे असे समजा.

दोन झाडांतले साम्य कसे मोजता यावर बरेच अवलंबून आहे. एका झाडात ६० बँड, दुसऱ्यात ५५, दोघांत सारखे ४८. जकार्ड गुणांकाने ४८ भागिले ६७, म्हणजे ०.७२. डाइसने ०.८३. एकूण १०० जागा धरून दोघांत नसलेले बँडही साम्य मानले तर ०.८१. आयएसएसआरला जकार्ड किंवा डाइस वापरा. बँड नसण्याची कारणे अनेक असतात, त्यामुळे दोघांत नसणे हा नात्याचा पुरावा होत नाही. कुठला गुणांक वापरला ते न लिहिता दिलेला साम्याचा आकडा निरुपयोगी आहे.

वंशवृक्ष यूपीजीएमए पद्धतीने (सर्वांत जवळची झाडे टप्प्याटप्प्याने जोडत) काढून १,००० वेळा बूटस्ट्रॅप करा, म्हणजे बँड पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडून फांदी किती वेळा टिकते ते पाहा. ५० टक्क्यांखालच्या फांद्यांवर निष्कर्ष उभारू नका. बाहेरची तुलना म्हणून मलबारी चिंचेचा, म्हणजे गार्सिनिया गम्मी-गट्टाचा, एक नमुना घ्या. वंशवृक्षापेक्षा पीसीओए आलेख (साम्यानुसार झाडे ठिपक्यांसारखी मांडणारा) जास्त प्रामाणिक असतो, कारण वंशवृक्ष जिथे गट नाहीत तिथेही फांद्या पाडतो. जेनएलेक्स हे एक्सेलवर चालणारे मोफत साधन आहे. त्यात पीसीओए आणि अमोवा (एकूण फरक गटांच्या आत किती आणि गटागटांत किती, याची फोड) दोन्ही होतात. ‘आर’ येत असेल तर पॉपर हे पॅकेज घ्या, कलमांची पारख त्यात चांगली होते.

अमोवामध्ये बहुतेक फरक तालुक्यांच्या आत आणि थोडाच तालुक्यांमध्ये निघाला तर दचकू नका. नर-मादी वेगळ्या असलेल्या, परपरागीकरण होणाऱ्या दीर्घायुषी झाडांत असेच अपेक्षित आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की जतनासाठी प्रत्येक तालुक्यातून बरीच झाडे घ्यावी लागतील. झाडांचे गट पाडणारा स्ट्रक्चर हा प्रोग्राम वापरलात तर अप्रभावी अॅलीलचा पर्याय चालू करा (अॅलील म्हणजे डीएनएच्या एकाच जागेचे एक रूप). गटांची संख्या ठरवायला डेल्टा-के (गट वाढवले की जुळणी किती झपाट्याने बदलते तो आकडा) काढतात, पण ती पद्धत ‘गट एकच आहे’ हे उत्तर कधीच देऊ शकत नाही. पीसीओएत एकच ढग असेल आणि डेल्टा-के दोन गट म्हणत असेल तर ढगावर विश्वास ठेवा.

विषमयुग्मता, म्हणजे दोन्ही आईबापांकडून वेगवेगळे अॅलील आलेल्या झाडांचे प्रमाण, आयएसएसआरवरून सांगू नका. काही प्रोग्राम ते काढून देतात, पण समागम मुक्त आहे असे गृहीत धरून. कोकमाच्याच कुळातल्या मँगोस्टीनमध्ये बी परागाशिवाय तयार होते, त्यामुळे या कुळात असे गृहीत धरणे धोक्याचे. पितृत्व, विषमयुग्मता किंवा वाणाची कायदेशीर ओळख हवी असेल तर एसएसआरकडे वळा. एका झाडाचा डीएनए कमी खोलीने (प्रत्येक जागा थोड्याच वेळा) वाचून घेतला तरी मीसासारख्या प्रोग्रामने पुनरावृत्ती शोधता येतात. १५० ते ३५० बेसचा तुकडा देणाऱ्या प्रायमरजोड्या आखा आणि तीन किंवा चार अक्षरी पुनरावृत्ती पसंत करा, कारण दोन अक्षरींमध्ये खऱ्या बँडखाली सावल्यांची शिडी दिसते. तुकडे अॅगॅरोजवर मोजू नका. दोन-तीन बेसचा फरक कॅपिलरी यंत्रावर किंवा ६ टक्के पॉलिअॅक्रिलमाइडवरच दिसतो.

नर की मादी

बागायतदार हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघत असल्याने तो रास्त आहे. त्यासाठी दहा नरांचा डीएनए समान मात्रेत मिसळून एक नमुना करा, दहा माद्यांचा दुसरा, आणि यूबीसी संच दोन्हींवर चालवा. एकाच मिश्रणात दिसणारा बँड सापडला की तो वीसही झाडांवर वेगवेगळा तपासा. निम्म्या झाडांत असलेला कुठलाही बँड पाच नरांत हजर आणि पाच माद्यांत गैरहजर असण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक आहे. म्हणजे असे शंभर बँड तपासले तर निव्वळ योगायोगाने एक मिळण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास जाते. दहा आणि दहा झाडांत ती दहा लाखांत एकावर येते. टिकलेला बँड जेलमधून कापून त्याचा क्रम वाचून घ्या, त्यावर २० ते २४ अक्षरांची नेमकी प्रायमरजोडी आखा आणि ती वेगळ्या तालुक्यातल्या, मूळ मिश्रणात नसलेल्या किमान तीस फुलणाऱ्या झाडांवर चालवा. त्यांतले एकही झाड चुकले तर ती जोडी रोपवाटिकेत नेऊ नका.